वाजवणारा कुठे उभा असतो?

मंगलाष्टकं म्हणणाऱ्याचा आवाज मांडवाच्या चौथ्या-पाचव्या रांगेपलीकडे पोचत नसे, त्या काळातही लग्न लागल्याचं साऱ्या गावाला एकाच क्षणी कळत असे. पाण्यातलं घटिकापात्र बुडालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या की आतून कोणीतरी ‘वाजवा रे’ म्हणून ओरडे आणि मांडवाच्या दाराशी हात सावरून बसलेले वाजंत्री एकदम सुरू होत. सनई, तिच्यामागचा सूर, ताशा, ढोल, झांज. रानात औत धरलेल्या गड्याला, ओढ्यावर धुणं आपटणाऱ्या बाईला, आमंत्रण नाही म्हणून घरात रुसून बसलेल्या भाऊबंदालाही समजे, की लागलं. कागदावर नोंद नव्हती, फोटो नव्हते. पुढे कधी वाद पडला तर ‘मला वाजतगाजत आणलीय’ एवढंच सुनेच्या हाती असे, आणि ते पुरतही असे.

या पुस्तकातली वाद्यं अशी आहेत. ती वाजल्याशिवाय काही घडलं असं कोणी मानत नाही. मैफलीतल्या वाद्यांवर मराठीत पुष्कळ आणि चांगलं लिहिलं गेलं आहे. तिथे वाजवणारा मंचावर, ऐकणारा समोर आणि मध्ये शांतता. समारंभात कोणी ऐकायला आलेलं नसतं. वरमाय मानपानात गुंतलेली, आचारी भाताच्या वाफेत, पोरं मांडवाच्या खांबांभोवती. वाजणं थांबलं की मात्र सगळ्यांच्या माना एकदम वर होतात.

शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या पदरी असताना. घराणं मूळचं काश्मीरचं, पण ग्रंथ झाला मराठी मुलखात. त्याच्या सात अध्यायांपैकी सहावा वाद्यांचा आहे, आणि भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेली तत, सुषिर, अवनद्ध, घन ही चौकट त्यात आहे. तारेची, फुंकीची, कातड्याची आणि आपटून वाजणारी. शास्त्र म्हणून ती आजही चोख आहे. अशोक दा. रानड्यांनी १९७५ साली ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहून मराठीत या विषयाकडे शास्त्राच्या नजरेने पाहायची वाट करून दिली, त्या वाटेवरून आम्ही सगळेच चालतो. तरीही वाद्य कशाचं बनलंय एवढंच विचारलं तर सनई आणि तारपा एकाच खणात जाऊन बसतात. दोन्ही फुंकीची. पण सनईवाला दाराबाहेर असतो आणि तारपावाला साऱ्या पाड्याच्या मधोमध. म्हणून इथे मी दुसराच प्रश्न धरून बसलो आहे: वाजत असताना वाजवणारा कुठे उभा असतो, आणि त्याला तिथे कोणी उभं केलं? पुढची सगळी प्रकरणं या प्रश्नामागून गेली आहेत. काही ठिकाणी तो प्रश्न मला भलतीकडेही घेऊन गेला, त्याला इलाज नाही.

सुरुवात उंचावरून करू. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर, रायगडावर राजसभेच्या तोंडाशी, जेजुरीच्या गडावर, कोल्हापुरात अंबाबाईच्या महाद्वारावर नगारखाना आहे. सगळीकडे त्याची जागा एकच, दरवाजाच्या माथ्यावर. खालून राजा जावो की भिकारी, नगारा त्याच्या डोक्यावर वाजणार. चौघडा देवाचा किंवा धन्याचा दिवस पाडत असे. पहाटेची जाग, पूजेची वेळ, संध्याकाळचा दिवा, रात्रीची निजानीज. घड्याळ घरोघर नव्हतं तेव्हा पेठ चौघड्यावर चाले. असं असूनही नगारखान्यातला माणूस ना आतला ना बाहेरचा. देवळात तो बहुतेकदा गुरव, म्हणजे देवाजवळचा, पण गाभाऱ्यातल्या पूजेच्या मानकऱ्यांत त्याची गणती गावागणिक बदलते. वाड्यावरचा तर पगारी माणूस. दर्शनाला जाणारे आज त्या कमानीखाली चप्पल सोडतात आणि वर बघतसुद्धा नाहीत. अनेक देवळांत वरती आता विजेवर चालणारं यंत्र आहे. मोटर फिरते, काठ्या नगाऱ्यावर पडतात, घंटा हलते. ते वेळेवर वाजतं एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

सनईचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यांत मोठं झालं, कारण सनईवाल्यांची जात विचारत गेलं की महाराष्ट्राचा नकाशाच समोर येतो. कुठे गुरव वाजवतात, कुठे घडशी, कुठे होलार, कुठे मातंग. फुंक तीच, भोकं तीच, दुहेरी पातीची जीभही तीच. एक जण श्वास न तोडता नुसता सूर धरतो, दुसरा त्यावर फिरतो. पण पंगतीला कुठे बसायचं, पाणी कोणी वाढायचं, विडा हातात द्यायचा की वरून टाकायचा, हे मात्र जातीवर ठरे. मंगलवाद्य म्हणून जिच्याशिवाय मुहूर्त साधत नाही ती सनई होलाराच्या तोंडाची चालायची, त्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. याला ‘परंपरेतला अंतर्विरोध’ असं गोंडस नाव मी दिलेलं नाही. ही एक सोय होती, आणि ती कोणाची होती ते उघड आहे.

आज मांडवात ऐकू येते ती सनई बहुतेक वेळा ध्वनिमुद्रित असते आणि पुष्कळदा ती बिस्मिल्ला खाँसाहेबांची असते. १९५९ साली ‘गूँज उठी शहनाई’ आला आणि खाँसाहेबांची शहनाई देशभरातल्या घराघरांत गेली. मराठी लग्नांतही ती तेव्हापासून ठाण मांडून आहे. बनारसचा एक शिया मुसलमान, मोहरमच्या दिवसांत त्याच वाद्यावर शोकाचे सूर काढणारा, आणि त्याच्या फुंकरीवर सदाशिव पेठेपासून लातूरपर्यंत अक्षता पडतात. यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. खटकतं ते वेगळंच. पेनड्राईव्हला मुहूर्त कळत नाही. अंतरपाट खाली येतो, भटजी मंडपवाल्या पोराकडे बघतात, पोरगा मोबाईलमध्ये असतो. सनई सुरू होते तोवर निम्म्या अक्षता जमिनीवर पडलेल्या असतात. दाराशी बसलेल्या माणसाला आतलं काही दिसत नसे, पण त्याचा कान आत असे.

हलगीकडे वळताना हात जरा आखडतो, कारण हलगीवर प्रेमाने लिहिणं सोपं आहे आणि ते बहुधा लबाडीचं होतं. एक कडं, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एका हातात आखूड जाड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. वाजवण्याआधी पाचोळा पेटवून कातडं शेकायचं, बोटाने टिचकी मारून पाहायचं, पुन्हा शेकायचं. कोल्हापूर-सांगलीकडे जोडीला घुमकं आणि कैताळ आलं की कुस्तीच्या मैदानात बसलेल्या म्हाताऱ्याचे खांदेही हलायला लागतात. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली पुरं झालं. तिथे आणि गावोगावच्या जत्रांतल्या आखाड्यांत जोड लागली की हलगीवाला पैलवानांभोवती फिरतो, पकड पडली की लय चढवतो, सुटली की उतरवतो. कुस्तीचं धावतं वर्णन पहिल्यांदा त्याने केलं, माईक नंतर आला.

पण हीच हलगी दवंडीला होती, देवीच्या यात्रेत होती, लग्नाच्या वरातीपुढे होती आणि मढ्यापुढेही होती. वाद्य एकच, बदलायचा तो हात. दूरवरून ऐकणाऱ्याला चालीवरून कळे की गावात काय आहे, डोक्याला फेटा बांधून निघायचं की नुसतं उपरणं टाकून. इतक्या बातम्या एका कातड्यातून काढणारा माणूस मातंग समाजाचा, गावकीचं काम म्हणून वाजवणारा, आणि त्याबद्दल सुगीला बलुतं मागायला खळ्यावर उभा राहणारा. वाजवणं ही त्याची कला आहे असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. ते त्याचं कर्तव्य होतं आणि नकार देण्याची त्याला मुभा नव्हती. विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीने गावकीची कामं नाकारायला शिकवलं. महारकी सोडणाऱ्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सांगावे नेणं सोडलं आणि दुसऱ्याच्या दारात वाजवणंही अनेकांनी सोडलं. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनंच रद्द झाली. ‘वाद्यं लोप पावत आहेत’ असा हळवा सूर लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की काही हातांनी ती आपणहून खाली ठेवली. त्यांना तो निर्णय घेताना किती बरं वाटलं असेल याचा विचार आपल्या लोककलेच्या पुस्तकांत क्वचित आढळतो.

आणि सगळ्यांनी खाली ठेवली असंही नाही. भीमराव कर्डकांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या आंबेडकरी जलशांत ढोलकी-तुणतुण्यासारखी तमाशातली वाद्यं उभी राहिली. गण-गवळणीऐवजी शाळेचं, पाणवठ्याचं, संघटनेचं गाणं आलं. वाद्य नाकारलं गेलं नव्हतं, जागा नाकारली गेली होती.

गोंधळ्याची गोष्ट अगदीच वेगळी. तो दाराशी थांबत नाही, घरात येतो. लग्न झालं की कुळधर्म म्हणून गोंधळ घालायचा, तो घराच्या ओसरीवर किंवा अंगणात. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, गोंधळी कमरेला संबळ बांधतो. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेले दोन लहानमोठे नगारे, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा दबका. हातातल्या काड्यांपैकी एक टोकाला वाकडी. जोडीदाराच्या हातात तुणतुणं, आणखी एकाकडे झांज. मग गावोगावच्या देवदेवतांना नावं घेऊन बोलावणं सुरू होतं आणि यजमान, ज्याचं घर आहे तोच, हात जोडून खाली बसतो. तुळजाभवानीच्या बाजूचे कदमराई, माहूरच्या रेणुकेच्या बाजूचे रेणुराई, असे दोन पंथ. आपल्या वाद्याचा उगमही गोंधळी थेट देवकथेत नेऊन ठेवतात: परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या डोक्याला त्याच्याच शिरांची तार लावली आणि ती छेडत माहूरला आईपुढे जाऊन उभा राहिला. ही कथा ऐकल्यावर तुणतुण्याचा तो एकच, किंचित करवादा सूर वेगळा ऐकू येतो. रात्रभर घर गोंधळ्याचं असतं. सकाळी शिधा बांधून दिला की पुन्हा तो भटका. एका रात्रीपुरती का होईना, वाद्याने त्याला उंबऱ्याच्या आत आणलं, हे सनईवाल्याला कधी जमलं नाही. असं का, याचं माझं उत्तर या पुस्तकात आहे. थोडक्यात सांगायचं तर सनई मुहूर्त सांगते आणि संबळ देव आणतो. देव आणणाऱ्याला दारात थांबवता येत नाही. वाघ्या-मुरळीच्या जागरणातली दिमडी, यल्लम्माच्या जोगतिणींचं चौंडकं, डौरी गोसाव्यांचा डौर, ही सगळी याच कुळातली. तिथेही वाजवणाऱ्याला एका रात्रीचा मान आणि एरवीचं उपेक्षित जगणं, असाच हिशेब आहे. मुरळ्या आणि जोगतिणींच्या बाबतीत तर तो हिशेब फार क्रूर झाला, त्याची चर्चा त्या त्या ठिकाणी केली आहे.

बायकांच्या हातातल्या वाद्यांचं प्रकरण आधी योजलेलं नव्हतं. संग्रहालयं पाहिली, याद्या पाहिल्या, बायका कुठेच नाहीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोराच्या आकाराची वीणा आहे, पाहून डोळे निवतात. पण आश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे बायका जी घागर फुंकतात ती कोणत्या कपाटात ठेवणार? दुसऱ्या दिवशी त्याच घागरीत पाणी भरतात. उदावर धरलेली घागर, तिच्या तोंडाशी तिरका श्वास, आणि पोकळीतून उठणारा घुमारा. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं आणि मग घरातले कर्ते पुरुषही तिला प्रश्न विचारतात. मंगळागौरीत सूप, लाटणं आणि घागर घेऊन नाचतात. तिथे ताल टाळ्यांचा, पायांचा आणि फुगडीत तोंडाने घातलेल्या ‘पकव्या’चा. घरातल्या समारंभांचा अर्धा आवाज या वस्तूंचा आहे. वाद्य म्हणून त्यांची नोंद झाली नाही, कारण त्यांचा बाजारभाव नव्हता आणि वाजवणारीला कोणी सुपारी देऊन बोलावत नव्हतं.

आता पालघर जिल्ह्याकडे, जव्हार-मोखाडा-डहाणूच्या पाड्यांवर. भात तयार झालं की तारपा निघतो. वाळवलेला दुधी, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला भोंगा. वाजवणारा गालात हवा साठवून श्वास अखंड ठेवतो. तो मधोमध चालत राहतो आणि कमरेला हात घातलेली बायका-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती वेटोळं घालते. चाल बदलली की पावलं बदलतात. त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. त्यातलं ते गोल फिरणारं वेटोळं आता दिवाणखान्यातल्या पडद्यांवर, मगांवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसतं. मध्यभागी ती लांब शेपटीसारखी वस्तू हातात घेतलेला बारीकसा माणूस असतो, त्याच्याकडे विकत घेणाऱ्याचं लक्ष जातंच असं नाही. चित्रातून त्याला काढा, वेटोळ्याला फिरायला कारणच उरत नाही. भगताच्या हातातली घांगळी, कणसरीची कथा सांगताना वाजणारी, ही त्याच मुलखातली आणखी अवघड गोष्ट. तिच्यावर मला जेवढं लिहायला हवं होतं तेवढं लिहिता आलेलं नाही, कारण ती ऐकायची तर कथा रात्रभर ऐकावी लागते आणि कथेला कणसरीचं, म्हणजे धान्याचं, निमित्त लागतं. मागणीवर ती वाजत नाही. बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, मात्र संबळ आणि पिपाणी मागणीवरच वाजतात. मुखवटा घातलेलं प्रत्येक सोंग आपल्या चालीवरच येतं. वाजवणाऱ्याने चाल चुकवली तर देव उंबऱ्यात खोळंबतो.

वारीबद्दल लिहिताना सगळेच हळवे होतात, मीही झालो असेन. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात आळंदीहून निघणाऱ्या पालखीला आजची शिस्त दिली. कर्ण्याच्या इशाऱ्यावर हजारोंचा मुक्काम हलतो. पण इथे मला दिसतं ते असं, की वाजवणारा आणि ऐकणारा हा भेदच उरत नाही. टाळ ज्याचा त्याने आणायचा. काशाची ती जोडी घरी खुंटीला असते, आषाढात गळ्यात येते. पखवाजी दोन-तीन, वीणेकरी एक, बाकी सगळे टाळकरी. टाळ यायला फार काही यावं लागत नाही, आणि हीच त्याची थोरवी आहे. पखवाजाचं तसं नाही. डाव्या तोंडाला कणीक किती लावायची हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं आणि ते हाताला कळायला वर्षं जातात. गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला लागू देत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहाऱ्यापहाऱ्याने. रात्री तीनला वीणा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वाजवता येतं का, हा प्रश्नच नसतो. तो उभा आहे ना, एवढंच बघतात. या वीणेचा भोपळा पंढरपूर भागातला असू शकतो आणि घडण मिरजेची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मैफलीच्या बाजूने आनंद झाला, तो रास्तच होता. सप्ताहाच्या वीणेला कोणतं मानांकन लागत नाही, तिची तार तुटली तरी पहारा चालू राहतो.

पुण्याचे ढोल-ताशे हा सगळ्यांत वादाचा विषय, आणि इथे मी बाजू घेतलेली आहे, हे आधीच सांगतो. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. त्याआधी पुण्यात मोहरमच्या मिरवणुका मोठ्या निघत आणि त्यांत वाजवणारे, नाचणारे हिंदूही असत. १८९३ च्या दंगलींनंतर ते बंद पडत गेलं आणि पुढच्या वर्षांत गणपतीपुढे जे मेळे उभे राहिले त्यांच्या थाटावर मोहरमची छाप होती. ताशा त्या मिरवणुकीत होता, तो या मिरवणुकीत आला. आज पथकातल्या एखाद्या मुलाला हे सांगितलं तर तो आधी रागावेल, मग ताशाच्या काड्या हातात घेऊन म्हणेल की असेल, पण वाजतो बाकी भारी.

पुढे बरीच वर्षं विसर्जन मिरवणुकीत मुळशी, मावळ, भोर या भागांतली ढोल-लेझीमची खेडेगावची मंडळी वाजवत. मग ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांची पथकं आली आणि त्यांतून बाहेर पडलेल्या मुलांनी आपापली पथकं काढली. दोन महिने नदीपात्रात नाहीतर पुलाखाली सराव, कमरेला दोरी, बोटांना चिकटपट्टी, मिरवणुकीच्या दिवशी फेटा आणि कुर्ता. पथकाला मंडळाकडून मानधन मिळतं, वाजवणाऱ्याला नाही. तो संगणक अभियंता असतो, बँकेत असतो, बारावीत असतो. आणि आता निम्म्या ढोलांमागे मुली असतात. जे वाद्य पोटासाठी वाजवणाऱ्याला दाराबाहेर ठेवत होतं तेच हौसेने वाजवणाऱ्याला लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध आणून उभं करतं. जात पुसली गेली म्हणून हा बदल झाला की जात वर असलेल्यांनी ढोल हातात घेतला म्हणून ढोलाला प्रतिष्ठा आली? मला दुसरं खरं वाटतं. तरीही कमरेला ढोल बांधून सलग काही तास उभी राहिलेली मुलगी मला या पुस्तकातल्या बऱ्याच पुरुषांपेक्षा जास्त आवडते.

भाद्रपद म्हणजे पाऊस. कातडं भिजलं की आवाज बसतो, म्हणून ढोलाला प्लास्टिकचं पान आलं. दोरी ओढली की चढतं, भिजलं तरी उतरत नाही. सोय झाली आणि आवाज पत्र्यासारखा झाला. गोवंशहत्याबंदीचा कायदा २०१५ साली कडक झाल्यावर कातड्याचा बाजार आणखी अवघड झाला, तेव्हा दोष केवळ पथकांना देता येत नाही. मग प्रश्न येतो गोंगाटाचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. एका ढोलाने हे ओलांडलं जातं, इथे पन्नास-शंभर असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ च्या उत्सवाच्या तोंडावर एका पथकात तीस जणांचीच मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि मिरवणूक नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. मी ढोलाच्या बाजूचा आहे, पण त्या रस्त्यावरच्या दवाखान्यात झोपलेल्या रुग्णाच्या विरोधात नाही. गाव लहान होतं, माळ मोठा होता, तिथे आवाज पसरायला जागा होती. चार मजली इमारतींच्या बोळात तोच आवाज भिंतींवर आपटून परत येतो. पन्नासाऐवजी बारा ढोल आणि एक खरा जाणता ताशेवाला, एवढ्यावर मिरवणूक जास्त चांगली वाजेल, हे पथकातले जुने लोक खासगीत कबूल करतात.

गोव्यातली घुमटाची हकीकत कायद्याच्या बाबतीत सुखान्त निघाली. मातीचं दोन तोंडांचं भांडं, मोठ्या तोंडावर घोरपडीचं कातडं. चवथीला घराघरांत आणि देवळांत आरत्या होतात त्या घुमट, शामेळ आणि कांसाळ्याच्या तालावर, आणि ख्रिस्ती घरांतल्या मांडो गाण्यांनाही तेच घुमट लागतं. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारणं बंद झाल्यावर घुमट लपूनछपून वाजू लागलं. मग कुंभार आणि वादकांनी बकऱ्याचं कातडं बसवलं, तो फरक जाणत्या कानाला कळतो पण गळ्याखाली उतरतो. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. घुमट वाजवणारा आरतीतच उभा असतो, गणपतीसमोर, घरच्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून. त्यामुळे त्याच्यावर या पुस्तकात फार थोडं आहे; माझ्या प्रश्नाला त्याने काही अडचणच ठेवली नाही.

शेवटी दोन शब्द निवडीबद्दल, कारण त्यावरून टीका होणार. बँड आणि बेंजो यांना पुस्तकात जागा दिली आहे. पितळी वाद्यांचा बँड इंग्रजांच्या पलटणींमागून आला, बेंजो मुंबईच्या गल्लीबोळांत वाढला. ‘पारंपरिक’ म्हणायला दोघांचं वय पुरेसं नाही असं मित्रांचं म्हणणं पडलं. एका मित्राने तर बेंजोचं प्रकरण काढलंस तरच पुस्तक विकत घेईन, असं सांगितलं. ते प्रकरण तसंच आहे, त्याला एक प्रत भेट द्यावी लागेल. कोकणातल्या लग्नांना आणि शिमग्याला खालूबाजा होता: सनई, ढोल, टिमकी, झांज. कोकणातली माणसं गिरणीत कामाला मुंबईला आली, चाळीत राहिली, तिथे गणपती आणि गोविंदा आले, आणि चाळीतल्या पोरांच्या हातात बेंजो आला. तो तारेचा, बटणं दाबून वाजणारा, भोंग्याला जोडलेला. मागे ढोल-ताशा, कच्ची, झांज. चौदा एप्रिलला दादर-वरळी-नायगावच्या मिरवणुकांत बेंजो वाजतो तेव्हा त्याच्यामागे ज्यांचे पणजे-आजे गावात दुसऱ्याच्या मांडवाच्या दाराशी बसत, अशी माणसं नाचत असतात आणि वाजवणारा त्यांच्यातलाच असतो. तो कुठे उभा असतो हे मी पाहिलं आहे. ट्रकच्या फाळक्यावर, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या पुढ्यात, सगळ्यांना दिसेल असा. हाताची बोटं बटणांवर आणि नजर रस्त्यावर, कुठल्या घरापुढे थांबून कोणतं गाणं वाजवायचं हे तो स्वतः ठरवत असतो.